सबवूफरला लावलेली कणीक

सबवूफर घेतला तो आबांना घरात अडकवून ठेवायला. आबा म्हणजे माझे वडील. गाणी ऐकायची हौस मला आहेच, कॉलेजात नोकरी लागल्यापासूनची, पण माझे दोन स्पीकर आणि जुना ॲम्प्लिफायर माझ्यापुरते पुरे होते. तेव्हा "ताई, एकट्या बाईला एवढा मोठा डबा कशाला?" असं जे जे म्हणाले त्यांना मी उत्तर दिलं नाही. देणार तरी काय? बापाला बांधायला दोरी घेतेय म्हणून सांगणार?

आई गेली आणि आबा माझ्याकडे धुळ्याला आले. देवपुरात माझं घर आहे. दोन खोल्या, पुढे ओटा, वर गच्ची. लग्न मी केलं नाही, त्यामुळे घरात मी आणि माझी पुस्तकं. आबांचं गाव बोदवडजवळ. कपाशीचं शेत चुलतभावाला कसायला दिलं, घराला कुलूप लावलं आणि मी त्यांना घेऊन आले. ते आले खरे, पण माझ्या आग्रहामुळे आले असं कोणी समजू नये. त्यांचं भजन सुटलं होतं म्हणून ते आले.

आबा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. मला कळायला लागलं तेव्हापासून गुरुवारी आमच्याकडे जेवणं लवकर उरकायची आणि आबा कणकेचा गोळा ओल्या फडक्यात बांधून देवळात निघायचे. पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे त्या बाजूच्या कातड्याला, ओली कणीक थापावी लागते, तेव्हा तिचा आवाज जाड होतो, नुसता घुमत राहत नाही. वाजवून झालं की ती खरवडून काढायची. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी गुरुवारची कणीक पोळ्यांना आणि देवळाला अशी दोन ठिकाणी वाटली जाते.

मग कान गेले. सगळे गेले असते तर एक बरं. बारीक आवाज गेले, जाड राहिले. पुरुषांचं बोलणं थोडंफार कळायचं, माझं कळायचं नाही, चिमणीचं तर नावच नको. आणि भजनात टाळ असतात. टाळ ऐकू येत नाहीत म्हणजे पखवाजवाला कशाला धरून वाजवणार? आबांची थाप मागे पडायला लागली. कोणी काही म्हणालं नाही. आमच्या गावातली माणसं अशा वेळी काही म्हणत नाहीत, नुसती एकमेकांकडे बघतात. आबांचे कान गेले होते, डोळे शाबूत होते. एका गुरुवारी ते गेलेच नाहीत.

पखवाज मात्र धुळ्याला घेऊन आले. जुन्या धोतरात गुंडाळून कपाटावर ठेवला आणि परत त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

धुळ्यात त्यांचा जीव लागेना. सकाळी उठले की फाटकापर्यंत जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. आमच्या फाटकाची कडी तेवढ्यात गुळगुळीत झाली असेल. इकडची माणसं अहिराणी बोलतात, 'आहे'ला 'शे' म्हणतात, याचाही त्यांना राग. "काय शे शे करतात," म्हणायचे. आणि पिशवी. दोन धोतरं, एक सदरा, तंबाखूची डबी, चष्मा. रोज सकाळी पिशवी भरून खुर्चीवर ठेवायची आणि मी कॉलेजला निघताना विचारायचं, "पोरी, कधी सोडते मले?"

"रविवारी," मी सांगायचे. रविवारी मी काहीतरी काम काढायचे. त्यांना कळत नव्हतं असं नाही, पण गावी जाऊन करणार तरी काय, हे त्यांनाही ठाऊक होतं. म्हणून पिशवी दुपारी रिकामी व्हायची.

मला ते जायला नको होते. साधी गोष्ट आहे, त्यात लपवायचं काय? पन्नाशी उलटलेली बाई मी. संध्याकाळी घरी आल्यावर कुलूप काढावं लागत नाही, दार आतून उघडतं, याची सवय मला महिनाभरात लागली. आणि ही सवय मोडणार, आज नाही तर उद्या मोडणार, या धास्तीने मी वर्गात शिकवताना मध्येच घड्याळ बघायला लागले होते.

कानातलं यंत्र घेऊन दिलं. ते लावलं की भांडी कानात आपटतात म्हणाले, आणि डबीत घालून ठेवलं. टीव्ही लावून पाहिला, वाचनालय दाखवून झालं. शेजारच्या म्हाताऱ्यांच्या बैठकीत नेऊन बसवलं तर तासाभरात उठून आले. मी चिडायचे. "आबा, काहीतरी धरा ना हातात," म्हणून ओरडायचे, आणि माझं ओरडणं त्यांना ऐकू येत नाही म्हणून आणखी चिडायचे.

एका संध्याकाळी रस्त्यावरून वरात चालली होती. आमच्याकडची वरात म्हणजे पुढे ट्रक, ट्रकवर डीजे, खिडक्यांची तावदानं थरथरणार. मी कानावर हात ठेवून आत जायला वळले तर आबा ओट्यावर ताठ बसलेले. उजव्या हाताची बोटं मांडीवर पडत होती, डावा पंजा खाली आपटत होता. गाणं फालतू होतं, ठेका मात्र आबांनी अचूक धरला होता. ट्रक वळून गेला तरी बोटं थोडा वेळ चालू होती.

म्हणजे जाड आवाज पोचतोय, पुरेसा मोठा केला तर नीट पोचतोय. माझ्या दोन स्पीकरांत तो जाड आवाज नव्हताच. त्यात टाळ छान वाजायचे, पण आबांना त्याचा काय उपयोग? मला सबवूफर हवा होता, फक्त जाड आवाज काढणारा डबा. हे सुचलं आणि माझी झोप उडाली ती महिनाभर उडालेलीच राहिली.

आता आमच्या खान्देशात सबवूफर निवडायचा म्हणजे डोक्याला ताप. ज्याला विचारावं त्याच्या डोळ्यासमोर तोच वरातीचा ट्रक. स्टाफरूममध्ये विचारलं तर एक सर म्हणाले, "मॅडम, छातीत धडकी भरली पाहिजे." दुसरे म्हणाले, गणपती मंडळाचा जुना मिळवून देतो. मी रात्रंदिवस मोबाईलवर वाचत होते. भोकाचा डबा की बंद डबा, आठ इंची की बारा इंची, कोपऱ्यात ठेवावा की भिंतीपासून लांब, एकाचं म्हणणं दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. पेपर तपासताना मध्येच उठायचे आणि टेप घेऊन खोली मोजायचे. खोली रोज तेवढीच भरायची.

शेवटी धुळ्यातल्याच एका दुकानात गेले. दुकानदाराने सगळ्यात मोठा डबा पुढे ओढला, पुढच्या बाजूला वाटीएवढं भोक, आणि बटण दाबलं. काउंटरवरची पेनं घरंगळली. "ताई, हाऊ लई जा," तो म्हणाला, "बठ्ठी गल्ली हाली जाई." गल्ली हलवायची नाही, म्हटलं, एक म्हातारा माणूस हलवायचा आहे. त्याला ते कळलं नाही. मला तरी कुठे धीर होता? आवडला नाही तर आठवड्यात परत आणा असं त्याने कबूल केलं आणि मी डबा रिक्षात घालून घरी आणला.

एका भजनी मंडळाची जुनी रेकॉर्डिंग लावली. आबा समोर गादीवर बसले होते. पहिली थाप आली आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी तशीच उभी राहिले. मग उठले, स्टुलावर चढायला निघाले, मी धावत जाऊन पखवाज काढून दिला. किती महिन्यांनी ते धोतर सुटलं.

पण जमेना. दोन ओळी धरायचे आणि सुटायचे. पुन्हा धरायचे, पुन्हा सुटायचे. मान हलवत म्हणाले, "हा डबा लोयतो. थाप येते, पन जातच नही." लोयतो म्हणजे लोळतो, आमच्या तिकडे ळचा य करतात. आणि खरंच होतं ते. एक थाप घुमत राहायची, तिच्यावर दुसरी येऊन पडायची, सगळ्याचा मिळून एक भोंगा व्हायचा. वरातीला ते चालतं, नाचणाऱ्याला घाई नसते. ठेका धरणाऱ्या माणसाला थाप कुठे संपली तेही कळावं लागतं.

मी बटणं फिरवली. डबा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ढकलला, भोकात मोजे कोंबले, खाली गोधडी घातली. चार दिवस माझं हेच चाललं होतं. आबा पखवाज घेऊन बसायचे, सुटायचे, आणि शेवटी पखवाज बाजूला ठेवून फाटकाकडे जायचे. पिशवी पुन्हा सकाळी खुर्चीवर दिसायला लागली. परत करायचा, ठरवलं. दुसरा बघू.

परत करायच्या दिवशी शेवटचा तास बुडवून घरी आले, रिक्षावाल्याला बाहेर थांबवलं, आत गेले आणि बघते तर काय, डब्याची पुढची जाळी काढून भिंतीला लावलेली आणि मधल्या काळ्या पडद्यावर कणीक. पोळीएवढी, चांगली थापून, कडेने बोट फिरवून बसवलेली. आबा शेजारी उकिडवे बसले होते, हाताला पीठ.

"हे काय केलं तुम्ही?"

"जास्त घुमतो तो," आबा शांतपणे म्हणाले. "कणीक लावली का दबते."

मी तो डबा चालू केला. भर्र असा आवाज आला आणि कणकेचा एक तुकडा फरशीवर पडला. उरलेली काढायला गेले तर ती ओलीच, घट्ट चिकटलेली, तिच्याबरोबर पडदा फाटला. मग मी जे तोंड सोडलं म्हणता. दुकानदार आता दारात उभं करणार नाही, हा काय पखवाज आहे का, काही हात लावायच्या आधी विचारता येत नाही का, मी इथे जिवाचं रान करतेय आणि तुम्ही त्याची माती करताय. बाहेर रिक्षावाला ऐकत होता. आबांना त्यातलं फारसं ऐकू आलं नसेल, पण तोंड दिसत होतं ना माझं.

"काहाले चिल्लावते?" ते एवढंच म्हणाले. "कणीकच लावली. जहर नही लावलं."

मी मागच्या खोलीत जाऊन बसले. राग उतरायला वेळ लागला. बाहेर आले तेव्हा आबा नव्हते आणि खुर्चीवरची पिशवी नव्हती.

स्कूटर काढली. बसस्टँडच्या रस्त्याने निघाले आणि पांझरेच्या पुलावर ते दिसले, कठड्याला धरून, पिशवी दोन पायांच्या मध्ये. गाड्या हॉर्न वाजवत बाजूने चालल्या होत्या, यांना पत्ता नाही. मी समोर जाऊन उभी राहिले.

"तुहं नुकसान केलं मी," आबा म्हणाले.

मला रडू आलं. भर पुलावर, कॉलेजची पोरं येतात-जातात तिथे, मी रडले. कारण स्कूटरवर येताना मला एक गोष्ट लक्षात आली होती. पिठाचा डबा फडताळात वरच्या फळीवर असतो. तो त्यांनी काढला, पीठ घेतलं, पाणी बेताने घालून भिजवलं, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा घरातल्या कुठल्याही गोष्टीत स्वतःहून हात घातला. आणि मी काय केलं, तर दारातल्या रिक्षावाल्याला ऐकवलं.

"बसा गाडीवर," मी खुणेने सांगितलं. "दुसरा आणू. तुम्ही निवडा."

दुसऱ्याचा पत्ता लागला तो दीपनगरला. तिथल्या वसाहतीतल्या एका इंजिनिअरची बदली झाली होती आणि त्यांना सामान कमी करायचं होतं. बंद डबा, भोक नाही, आकाराने पहिल्याच्या निम्मा. फोनवर ते म्हणाले, आवाज मोठा नाही पण स्वच्छ आहे. आता आबांनी निवडायचा म्हणजे आबांना न्यायला हवं, आणि दीपनगर भुसावळला लागून. तिथून बोदवड किती राहिलं? म्हणजे मीच त्यांना घराच्या वाटेवर अर्ध्याच्या पुढे नेऊन सोडणार. भुसावळच्या स्टँडवर बोदवडची गाडी उभी दिसली तर? या विचाराने मी एस.टी.चा बेत रद्द केला आणि भाड्याची गाडी केली. पिशवी त्यांनी घेतलीच. मी ती माझ्या मांडीवर ठेवून घेतली.

जळगाव मागे पडलं तसे आबा खिडकीशी सरकले. केळीचे ट्रक दिसायला लागले. "इकडली हवा बरी," म्हणाले. मी ड्रायव्हरला म्हटलं, जरा दामटा.

क्वार्टरमध्ये खोकी बांधलेली होती. इंजिनिअरच्या बायकोने आम्हाला असा चहा दिला की हा डबा जातोय याचा आनंद तिला लपवता आला नाही. त्यांनी मोबाईलवरून पखवाजाचं वादन लावलं. आबा जवळ गेले, वाकले आणि डब्याच्या माथ्यावर तळवा ठेवला. बराच वेळ त्यांनी हात उचलला नाही.

"हा बोलतो आन् गप बसतो," आबा म्हणाले. "हा घे."

परत येताना पिशवी मागच्या सीटवर होती आणि आबांच्या मांडीवर डबा. मागे ठेवा म्हटलं, ऐकलं नाही.

घरी आल्यावर तो कुठे ठेवायचा हा प्रश्न. मी वाचलं होतं की जिथे ऐकणारा बसतो तिथे डबा ठेवायचा, गाणं लावायचं आणि आपण खोलीभर रांगायचं, जिथे आवाज सर्वांत नीट लागेल तिथे मग डबा ठेवायचा. मग काय, आबांच्या गादीवर डबा आणि मी साडी खोचून फरशीवर चार पायांवर, कान भिंतीला, कपाटाला, टेबलाखाली. त्यातच शेजारच्या काकू वाटीत शेवभाजी घेऊन दारात. "काय हरवलं गं?" त्या म्हणाल्या आणि वाटी ठेवून त्याही खाली बसून शोधायला लागल्या. मी सांगितलं, आवाज शोधतेय. त्यांनी आबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि दोघांपैकी कोणाचं डोकं फिरलंय ते न ठरवता घरी गेल्या.

मी टेबलाखालून बाहेर येते तो आबा गादीवरच्या त्या डब्यावर होते. सरळ मांडी घालून डब्यावर बसलेले.

"उतरा. आबा, उतरा, फुटेल तो."

"मले समजू राह्यलं," आबा म्हणाले. डोळे मिटलेले. "बुडातून येते. कानाची गरज नही."

डब्यावर बसू देणं शक्य नव्हतं, आधीच एकाची वाट लागली होती. पण त्यांचं म्हणणं मी सोडलं नाही. मागच्या खोलीतला लाकडी दिवाण पुढे आणला, गादी काढून टाकली, नुसत्या फळ्या. डबा खाली सरकवून फळ्यांना टेकेल असा ठेवला. आबा वर बसले, पखवाज मांडीसमोर. मी रेकॉर्डिंग लावली आणि डब्यामागे फरशीवर बसून आवाजाचं बटण थोडं थोडं वाढवत गेले, कुठे पोचतो ते बघत.

त्या दिवशी ते सुटले तीनचार वेळा. दुसऱ्या दिवशी एकदाच. मग रोज संध्याकाळी हेच. मी कॉलेजातून येते तो परातीत कणीक भिजवलेली असायची, अर्धी पोळ्यांना, अर्धी पखवाजाला. आबा जेवायला लागले. काकूंच्या शेवभाजीत तिखट कमी आहे म्हणून नाव ठेवायला लागले, म्हणजे माणूस ठणठणीत झाला. पिशवी कुठे गेली मला माहीत नाही, खुर्चीवर नव्हती एवढं खरं. मी वर्गात घड्याळ बघायचं सोडलं. वाटलं, जिंकले. खोटं कशाला बोलू, एका सोमवारी बाजारातून त्यांच्यासाठी हिवाळ्याची लोकरी बंडी घेऊन आले आणि येताना गुणगुणत होते.

बंडी त्यांनी घालून पाहिली. चांगली आहे म्हणाले. मग दिवाणावर बसले आणि फळीवर हात फिरवत म्हणाले, "आपल्या देवयात तखत हाये ना."

देवळातलं तखत मला माहीत होतं. मोठं, सागवानी, मंडळ त्यावरच बसतं.

"बठ्ठे त्यावर बसून पाय आपटतात. टायवाले त लई आपटतात. मी पाठ दुखे म्हनून खाली बसत व्हतो, खांबाले टेकून. खाली फरशी. फरशीतून काय येईन?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा असा उजळलेला की मला आधी आनंदच झाला, अर्थ नंतर कळला. "तखतावर बसलो त टाय ऐकायची गरज नही मले. पायातूनच समजीन."

मी उठून भांडी आवरायला लागले.

"आज एक भजन वाजवतो," आबा म्हणाले. "सुरू ते शेवट. मोठं लाव. चुकलो त राहीन तुह्यापाशी, मंग नाव काढणार नही गावाचं. नही चुकलो त मले जाऊ दे."

त्यांनी कणीक लावली, थाप मारून पाहिली, थोडी खरवडली, पुन्हा मारली. मी सगळ्यात लांबलचक भजन लावलं. नंतर लय वाढत जाते, तिथे ते एकदा सुटले होते, मला आठवत होतं. आणि नेहमीप्रमाणे मी दिवाणामागे फरशीवर जाऊन बसले. आबांची माझ्याकडे पाठ होती. माझ्या गुडघ्याशी डब्याचं बटण.

सुरुवात सावकाश होती. त्यांची मान हळूहळू डोलत होती, नवीन बंडीच्या पाठीवरचा किमतीचा कागद माझ्याकडून काढायचा राहिला होता. मी त्या बटणावर बोटं ठेवली. नुसतं इतकुसं डावीकडे. फळीतला आवाज पुसट होईल, ते चाचपडतील, सुटतील, आणि वाटेल त्यांना की आपलंच चुकलं. कुणाला कळणार नव्हतं. त्यांना तर कधीच नाही. उद्या सकाळी दार आतून उघडेल, परवाही उघडेल. मी देवाशप्पथ सांगते, माझी बोटं फिरली होती. केसभर फिरली होती.

त्यांचा डावा हात अडखळला. अगदी जरासा. मान थांबली, आणि ते फळीवर थोडे पुढे वाकले, अंधारात पायरी शोधल्यासारखे. गावातल्या त्या माणसांसमोर ते असेच वाकत असतील. ते सगळे बघत असतील आणि हे असे वाकत असतील.

मी बटण परत उजवीकडे नेलं. जिथे होतं तिथे, आणि तिथून आणखी पुढे, शेवटपर्यंत. फळ्या थरथरल्या, फडताळातल्या कपबशा वाजल्या, शेजारी काकूंनी खिडकी लावली असणार. आबा सरळ झाले. लय वाढली, ती जागा आली, ते गेले तिच्यातून, पुढे आणखी वाढली, त्यातूनही गेले. मी तोंडावर पदर धरून बसले होते. शेवटची तिहाई आली आणि ते आणि रेकॉर्डिंग एकत्र समेवर पडले.

आबांनी डाव्या पुडीवरची कणीक खरवडून काढली, वाटीत टाकली, हात धोतराला पुसले. मागे वळून पाहिलं.

"सकायची गाडी कितीले हाये?"

"सहाला," मी म्हणाले.

त्यांना ऐकू आलं नाही. कानामागे हात धरून ते वाट बघत राहिले. मग मी उठून त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि जमेल तेवढ्या जाड आवाजात पुन्हा सांगितलं, सहाला आबा, सहाची गाडी आहे.